शेड विकली जाते, मजुरीचं काय?

(पोलादपूर तालुक्यातल्या एका महिला मेळाव्यात आमच्या कार्यकर्त्या मैत्रिणीने केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)

मैत्रिणींनो, मावश्यांनो, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या मुलींनो, पुढे या, जागा आहे.

आजचा विषय ठरला तेव्हा आपल्याच काही जणींनी नाक मुरडलं होतं. दारू, मारहाण, पोटगी, रेशन, बचत गट हे आपले विषय. एमआयडीसीतली शेड विकायला निघाली, गोदाम विकायला निघालं, हा काय बायकांचा विषय झाला? तो मालकाचा, बँकेचा, फार तर दलालाचा. मी म्हणते, तो आपलाच विषय आहे. का, ते सांगण्यासाठीच मी उभी आहे.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत बंद फाटकांवर लावलेले फलक तुम्ही पाहिले असतील. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती पाहिल्या असतील. त्यात काय लिहिलेलं असतं? इतके चौरस फूट बांधकाम. पत्र्याची उंची इतकी. थ्री-फेज वीज, पाण्याची जोडणी. कंटेनर आत वळेल एवढा रस्ता. मुंबई-गोवा महामार्ग जवळ. आणि पुष्कळदा शेवटी एक ओळ असते: मजूर सहज उपलब्ध.

ही शेवटची ओळ म्हणजे आपण. विजेनंतर, पाण्यानंतर, रस्त्यानंतर आपला नंबर. आपण त्या जागेची एक सोय आहोत. पण शेड विकली गेल्यावर जे पैसे येतात, त्यांची वाटणी होताना मात्र 'सहज उपलब्ध' असलेली ही बाई कुणालाच सापडत नाही. आज मला बोलायचंय ते यावर.

आधी जमिनीपासून सुरुवात करू. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं, १९६१ च्या कायद्याखाली. महामंडळाने गावोगावच्या जमिनी संपादित केल्या आणि कारखानदारांना भूखंड पाडून दिले. महाडजवळ बिरवाडीच्या बाजूला सावित्रीच्या खोऱ्यात अशी वसाहत झाली आणि तिथे मुख्यतः रसायनांचे कारखाने आले. जमीन गेली तेव्हा सातबाऱ्यावर नाव कुणाचं होतं? सासऱ्याचं, नवऱ्याचं, दिराचं. चिखलणी, लावणी, बेणणी, झोडणी या कामांत बाई पुढे. पण सातबाऱ्यावर बाईचं नाव औषधालासुद्धा नाही. म्हणून मोबदल्याचा चेक पुरुषाच्या नावाने निघाला. प्रकल्पग्रस्ताचा दाखला कुटुंबामागे एक, तो मुलाच्या नावाने झाला. मुलींना वडिलांच्या मिळकतीत मुलाइतका वाटा देणारा बदल महाराष्ट्राने १९९४ साली केला, केंद्राने २००५ साली. तोपर्यंत कितीतरी जमिनींवर फाटकं उभी राहिली होती.

हा पहिला व्यवहार. त्यात बाईचं नाव कागदावर नव्हतं, म्हणून तिला वाटा नव्हता. आता शेड विकायला निघते तो दुसरा व्यवहार. त्यातही बाईचं नाव कागदावर नाही. दोन्हीकडे बाईने काम केलं आहे आणि दोन्हीकडे कागद म्हणतो, ही कोण?

आपण तिथे काय काम केलं, तेही मोजून सांगू. कारण आपल्या बायकांना विचारलं तर त्या म्हणतात, 'काय नाय गो, असंच साफसफाईला जाते.' असंच म्हणजे काय? पोती भरणं, वजन करणं, पोत्यांची तोंडं शिवणं. माल निवडणं, चाळणं, वाळवणं. लेबलं चिकटवणं, खोकी बांधणं. रिकामी पिंपं धुणं. थप्पी लावायला हात देणं. फरशी, मोरी, संडास. आता ऐका. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. माथाडी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डोक्यावर पोतं घेतलेला पुरुष येतो. पण त्या कायद्याच्या परिशिष्टात चढ-उतार आणि थप्पीबरोबर वजन करणं, भरणं, शिवणं, निवडणं, साफ करणं ही कामंही लिहिलेली आहेत. ही तर आपली कामं! म्हणजे कायदा लिहिणाऱ्याला ते काम दिसलं होतं. टोळी लिहून घेणाऱ्याला मात्र बाई दिसत नाही.

आणि बाई कुणाची नोकर? कंपनीला विचारा, ती म्हणते ठेकेदाराची. ठेकेदाराला विचारा, तो म्हणतो मुकादमाने आणली. मुकादम म्हणतो, अहो, ती आपल्या गावचीच, अडचण होती म्हणून घेतली. म्हणजे शेवटी आपण उपकारावर! पहाटे उठून भाकऱ्या टाकायच्या, टेम्पोत दाटीवाटीने उभं राहून पोलादपूरहून महाडला जायचं, दिवसभर पावडर नाकातोंडात घ्यायची, आणि त्याला उपकार म्हणायचं.

कारखाना किंवा गोदाम बंद होतं तेही आपल्याला कुणी सांगत नाही. कायम कामगारांना निदान नोटीस लागते. आपल्याला मुकादम म्हणतो, 'माल आला नाही, दोन दिवस येऊ नका.' दोन दिवसांचे आठ होतात, आठाचा महिना होतो. मग कुणीतरी सांगत येतं की फाटकाला कुलूप आहे, वॉचमन नवा आहे, आणि फलक लागलाय.

आमच्या संघटनेकडे अशाच एका गोदामातल्या बायका आल्या होत्या. नाव घेत नाही. त्यांची काही आठवड्यांची मजुरी राहिली होती. काही जणी सात-आठ वर्षं तिथे जात होत्या. आम्ही विचारलं, पुरावा काय? हजेरी मुकादमाच्या वहीत, वही मुकादमाच्या घरी, आणि मुकादम कामधंद्याला मुंबईला. एकीकडे गेटपास होता, त्यावर नाव चुकीचं. एकीकडे दिवाळीला वाटलेल्या मिठाईच्या डब्यावरची कंपनीची चिठ्ठी होती. ती तिने जपून ठेवली होती, कारण तिच्या मते तो कंपनीने दिलेला मान होता. शेवटी तीच चिठ्ठी आम्ही अर्जाला जोडली. बघा, आठ वर्षांच्या घामाचा पुरावा म्हणजे मिठाईच्या डब्यावरचा कागद!

आता शेड विकली जाते म्हणजे नेमकं काय होतं, ते समजून घेऊ. घाबरू नका, कायद्याची भाषा अवघड असते पण त्यातला हिशोब आपल्या बाजारातल्या हिशोबासारखाच असतो.

एमआयडीसीची जमीन मालकाची नसते. ती महामंडळाने त्याला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असते. त्यामुळे विकला जातो तो भाडेपट्ट्याचा हक्क आणि वरचं बांधकाम. असं हस्तांतर करायला महामंडळाची परवानगी लागते, शुल्क भरावं लागतं, आणि महामंडळ आपली पाणीपट्टी आणि इतर येणी आधी वसूल करून घेतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी पुढे याच्यावर येणार आहे.

विक्री तीन वाटांनी होते. एक, मालक स्वतः विकतो. दोन, कर्ज थकलं म्हणून बँक २००२ च्या कायद्याखाली जागा ताब्यात घेते आणि लिलाव करते. आधी ६० दिवसांची नोटीस, मग ताबा, मग लिलावाची जाहीर सूचना. ताब्याची सूचना दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. 'जे आहे, जेथे आहे' या तत्त्वावर विक्री, असं त्या लिलावाच्या सूचनेत असतं ना? तीच ती. तीन, कंपनी दिवाळखोरीत जाते आणि २०१६ च्या दिवाळखोरी संहितेप्रमाणे दाव्यांची रांग लागते.

या रांगेत कामगाराला जागाच नाही असं नाही. दिवाळखोर कंपनी अवसायनात गेली, तर अवसायन सुरू होण्याआधीच्या २४ महिन्यांची कामगारांची देणी तारणदार बँकेच्या बरोबरीने उभी राहतात. बँकेच्या मागे नाही, बरोबरीने. भविष्यनिर्वाह निधीचा, ग्रॅच्युइटी फंडाचा पैसा तर त्या वाटणीत घ्यायचाच नाही असं संहिता सांगते. दावा प्रत्येकीने वेगळा केला पाहिजे असंही नाही, सगळ्यांच्या वतीने एक प्रतिनिधी करू शकतो. पण मुदत थोडी असते, आणि सूचना वर्तमानपत्रात येते. आपल्याकडे वर्तमानपत्र येतं ते वडापाव बांधून.

आणखी एक उदाहरण सांगते, ते गोदामाचंच आहे. सहकारी साखर कारखान्याने महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेकडे साखरेची पोती तारण ठेवली होती. कारखान्याने कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी भरला नव्हता. बँक म्हणाली, पोती आमच्याकडे तारण आहेत, आधी आमचे पैसे. भविष्यनिर्वाह निधीचं कार्यालय म्हणालं, आधी कामगारांचे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि २००९ साली न्यायालयाने सांगितलं की निधीच्या थकबाकीचा हक्क बँकेच्या आधी. म्हणजे बँकेपुढे कामगाराचा पैसा कायम दुबळाच असतो असं नाही. मात्र तो पैसा निधीच्या खात्यात कामगाराच्या नावावर असायला हवा. नाव नसेल तर थकबाकीच नाही, आणि थकबाकी नाही तर हक्कही नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांच्याबद्दल आपली भांडणं पुष्कळ आहेत. कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याची अट पूर्वी शंभर कामगारांपासून होती, ती आता तीनशेपासून केली. आपल्या वीस-तीस बायकांच्या गोदामाला ती तेव्हाही लागू नव्हती, आता मोठे कारखानेही सुटले. हे वाईटच झालं. पण याच कायद्यात आपल्या हाताला लागतील अशा काही गोष्टी आहेत, त्या सोडायच्या का? वेतन संहिता म्हणते, आस्थापना बंद पडून काम गेलं तर राहिलेली मजुरी दोन कामाच्या दिवसांत द्यायची. दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. मजुरी दिली हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. दिली नाही, हे बाईने सिद्ध करायचं नाही. आणि ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यायची, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं, ते नव्या संहितेतही राहिलं आहे.

म्हणजे आपल्याला एवढंच दाखवायचं उरतं की मी तिथे कामाला होते. आणि सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

यातली आणखी एक गोम सांगते. चालता धंदा एकाकडून दुसऱ्याकडे गेला तर कामगारांचे हक्क त्याच्या मागोमाग जातात. जुनी नोकरी धरावी लागते, नाहीतर भरपाई द्यावी लागते. निधीच्या थकबाकीला विकणारा आणि घेणारा दोघं जबाबदार धरले जातात. पण 'आम्ही धंदा विकलाच नाही, नुसत्या चार भिंती आणि पत्रे विकले' असं म्हटलं की नवा मालक हात झटकतो. म्हणून आधी कुलूप, मग काही महिने शांतता, मग फलक. मधल्या शांततेत बायका पांगतात. कुणी रोजगार हमीवर जाते, कुणी मुंबईला लेकाकडे, कुणी घरकामाला. मग रिकामी शेड विकायला मोकळी.

गंमत बघा. मागच्या मालकाने विजेचं बिल थकवलं असेल तर पुष्कळदा ते नव्या मालकाच्या गळ्यात पडतं. नियमात तशी तरतूद असेल तर वीज कंपनीला ते मागता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितलं. पाणीपट्टी थकली असेल तर एमआयडीसी हस्तांतर अडवते. वीज जागेला चिकटते, पाणी जागेला चिकटतं. आठ वर्षं त्याच फरशीवर बसून पोती शिवलेल्या बाईची मजुरी मात्र कशालाच चिकटत नाही.

हे असं असायलाच पाहिजे असं नाही, हे दाखवायला मी तुम्हाला मुंबईला नेते. आपल्या तालुक्याला मुंबई नवी नाही. इथल्या घराघरातला एकेक पुरुष गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि कितीतरी जणांना पुन्हा आत जाता आलंच नाही. पुढे गिरण्या बंद आणि त्यांच्या जमिनी सोन्याच्या झाल्या. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे तीन हिस्से करायचे असं होतं: एक मालकाला, एक महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला. २००१ साली नियम बदलून तो हिशोब फक्त मोकळ्या जागेपुरता केला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल मान्य केला. त्यात कामगारांचं किती गेलं ते इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

पण त्या लढ्यातून एक गोष्ट आपण उचलायची आहे. मुंबईत उद्योगाची जागा राहण्यासाठी वापरायची झाली तर कामगार आयुक्तांचा ना-हरकत दाखला लागतो. कामगारांची कायदेशीर देणी दिली गेल्याचा दाखला नसेल, तर नव्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये, असं नियमावलीत लिहिलेलं आहे. म्हणजे जागेच्या व्यवहाराला कामगाराची देणी जोडता येतात. सरकारच्या कागदावर ती जोडलेली आहेत.

त्याच गिरण्यांमध्ये बायकांचं काय झालं, तेही सांगते. १९२० च्या सुमाराला मुंबईच्या गिरण्यांत साधारण दर पाच कामगारांत एक बाई होती, रीळ आणि वाइंडिंग खात्यांत. नवी यंत्रं आली, बाळंतपणाची रजा द्यावी लागू नये म्हणून बाया कमी केल्या गेल्या, आणि १९८२ च्या संपापर्यंत त्या शेकड्यात थोड्याच उरल्या. म्हणजे गिरणी विकली जायच्या कितीतरी आधी बाईला हिशोबातून काढलेलं होतं. आणि गिरणीकामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या? त्यांच्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, सावकाराच्या तावडीतून त्यांना सोडवायला. गिरणीच्या चिमणीइतकाच त्यांच्या चुलीवर गिरणगाव चालत होता. पण गिरणीची जागा विकली गेली तेव्हा त्यांचा वाटा कुणी विचारला नाही. आपल्या इथे फाटकाबाहेर चहा-भजी विकणारी, टेम्पोतल्या पोरांना डबे देणारी जी बाई आहे, तिची गोष्ट तीच आहे.

काही जण म्हणतील, आणि आपल्या घरातलेच पुरुष म्हणतील, तुम्ही असा गोंधळ घातलात तर नवा मालक येणारच नाही. शेड पडून राहील, गंजेल, कुणाच्याच चुलीला उपयोग नाही. हे बोलणं धुडकावून लावण्यासारखं नाही. रिकामी शेड कुणाला हवी आहे? विक्री व्हावी असं आपल्यालाही वाटतं. पण दोन गोष्टी विचारा. एक, नवा मालक काय करणार? कारखान्याच्या जागी नुसतं साठवणुकीचं गोदाम झालं तर तिथे एक वॉचमन, दोन फोर्कलिफ्टवाले आणि एक संगणकावर बसणारा एवढ्यात काम भागतं. ही सगळी कामं पुरुषांची समजली जातात. दोन, वीजबिल मागितल्याने जर व्यवहार मोडत नसेल, तर मजुरी मागितल्यानेच कसा मोडतो? शेडच्या किमतीपुढे वीस बायकांची राहिलेली मजुरी म्हणजे दर्या में खसखस. व्यवहार मोडेल ही भीती आपल्याला घातली जाते, कारण आपण गप्प बसणं त्यांना सर्वांत स्वस्त पडतं.

आणखी एक धोक्याची गोष्ट, आणि ही मुलींनी नीट ऐकावी. शेड विकण्याआधी ती साफ करायची असते. त्या साफसफाईला पुन्हा आपल्यालाच बोलावतात. दोन दिवसांची जास्त मजुरी देतात, म्हणून बाया आनंदाने जातात. आत काय असतं? जुनी पिंपं, फुटकी पोती, तळाला बसलेला गाळ. लेबलं गेलेली असतात. कोणतं रसायन कशात मिसळलं तर काय होतं हे सांगणारा केमिस्ट केव्हाच दुसरीकडे लागलेला असतो. महाडच्या वसाहतीत २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये एका औषध कंपनीत स्फोट होऊन अकरा कामगार गेले. तो तर चालू कारखाना होता. बंद शेडमध्ये तर विचारायलाही कुणी नसतं. म्हणून कोणत्या मालाची साफसफाई आहे ते लेखी कळल्याशिवाय, हातमोजे-बूट-मास्क मिळाल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. आणि तिथली निळी पिंपं स्वस्तात मिळतात म्हणून पाणी भरायला घरी आणू नका. कितीही धुतलं तरी प्लास्टिकमध्ये मुरलेलं रसायन जात नाही.

आता करायचं काय? भाषण ऐकून घरी गेलो असं व्हायला नको. चार गोष्टी सांगते.

पहिली, वही. प्रत्येकीची वेगळी नाही, वाडीची एक. कोण, कुठल्या फाटकाच्या आत, कुठल्या ठेकेदाराकडे, कुठल्या तारखेला गेली, किती मजुरी ठरली, किती मिळाली. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या लेकी लिहितील. वर्षाला २४० दिवस भरले तर सलग नोकरी मानली जाते, आणि ते भरू नयेत म्हणून मध्येच 'ब्रेक' दिला जातो. तो ब्रेकही लिहा. गेटपास, ईएसआयचं कार्ड, दवाखान्याची चिठ्ठी, बँकेच्या पासबुकातली नोंद, टेम्पोवाल्याची पावती, काहीही टाकू नका. मोबाईलवर फोटो काढून दोघी-तिघींकडे ठेवा. २२ जुलै २०२१ ला महाडात पुराचं पाणी घराघरात शिरलं, तळीयेला दरड कोसळली, आपल्या तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळ्याला दरडी आल्या. माणसं गेली, आणि वाचलेल्यांचे कागदही गेले. नंतर प्रत्येक मदतीला कागद मागितला गेला, हे आपण विसरलेलो नाही.

दुसरी, नाव. माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर, आणि मुकादमाच्या वहीत नुसतं 'सखूची आई'. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावर, आधारवर, पासबुकावर नाव आणि जन्मतारीख एक करून घ्या. टाकलेल्या बायकांनी, विधवांनी हे आधी करावं. त्यांच्या बाजूने बोलायला घरात दुसरं कुणी नसतं.

तिसरी, नजर. फाटकाला कुलूप लागलं, यंत्रं ट्रकवर चढायला लागली, फलक लागला, की त्याच आठवड्यात बसायचं. वर्तमानपत्रातल्या ताब्याच्या आणि लिलावाच्या सूचना वाचायला वाडीत एक मुलगी नेमा. सूचनेत बँकेचं नाव आणि अधिकाऱ्याचा पत्ता असतो. त्या पत्त्यावर, एमआयडीसीला, कामगार आयुक्तांच्या कार्यालयाला आणि निधीच्या कार्यालयाला एकच पत्र द्यायचं: या जागेत आम्ही अमुक जणी काम करत होतो, आमची एवढी देणी बाकी आहेत, विक्रीच्या आधी त्यांचा निकाल लावा. पोच घ्यायची. घेणाऱ्यालाही प्रत द्यायची, म्हणजे 'आम्हाला माहीतच नव्हतं' असं त्याला म्हणता येणार नाही.

चौथी, मागणी. एमआयडीसी हस्तांतराला परवानगी देताना जशी पाणीपट्टीची बेबाकी बघते, तशी मजुरीची बेबाकी बघितली पाहिजे. कामगार आयुक्तांचा दाखला असल्याशिवाय शेड दुसऱ्याच्या नावावर होता कामा नये, आणि त्या दाखल्यात ठेकेदाराच्या बायका मोजल्या गेल्या पाहिजेत. मुंबईत जागेचा वापर बदलताना जे होऊ शकतं ते महाडात जागेचा धनी बदलताना का होऊ नये? ही मागणी एकट्या पोलादपूरची नाही. खेड-लोट्यापासून तळोजापर्यंत जिथे जिथे बंद फाटकं आहेत तिथल्या संघटनांनी ती एकत्र लावून धरली तर तिला वजन येईल. हे भाषण अंकात छापलं गेलं तर वाचणाऱ्या मैत्रिणींनी आपापल्या वसाहतीतले अनुभव कळवावेत, अशी माझी विनंती आहे.

जाता जाता महाडचंच एक सांगते. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, ते सर्वांना माहीत आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बाबासाहेबांनी पुन्हा परिषद घेतली, २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. त्या परिषदेला महाडात जागा द्यायला कुणी तयार होईना. शेवटी फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली, म्हणून मंडप उभा राहिला. तळं सार्वजनिक होतं, कायद्याने खुलं होतं, नगरपालिकेचा ठरावही होता. तरी पाण्यापर्यंत जायला माणसांना चालत जावं लागलं. कायद्यात असलेला हक्क आणि हातात आलेला हक्क यांच्यामध्ये एवढं अंतर असतं, आणि ते चालूनच कापावं लागतं.

आज जेवण झाल्यावर लगेच पांगू नका. दाराशी एक कोरी वही ठेवली आहे. ज्या कुणी गेल्या तीन वर्षांत एमआयडीसीत एक दिवस जरी कामाला गेल्या असतील त्यांनी आपलं पूर्ण नाव, फाटक आणि ठेकेदार सांगून जायचं. लिहायला दोन मुली बसल्या आहेत. नाव स्वतःचं सांगा, नवऱ्याचं नको.